नवा सर्व्हर आणि जुने नेटवर्क क्लायंट : इन्स्टॉलेशनमधील संघर्ष कसा शोधावा

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• सर्व्हर सॉफ्टवेअर आणि संगणकावर आधीपासून असलेले व्हीपीएन, अँटीव्हायरस, रिमोट मदतीचे सॉफ्टवेअर यांचा संघर्ष कोणकोणत्या जागी होतो हे सांगता येईल;
• एरर संदेशावरून आणि लॉगवरून संघर्षाची नेमकी जागा ओळखता येईल;
• चालू असलेले काम न बिघडवता दुरुस्ती कशी करावी हे ठरवता येईल.

१. प्रस्तावना

समजा, रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांचे एक ठोक दुकान आहे. दुकानात चार संगणक आहेत. मागच्या खोलीतला एक सर्व्हर म्हणून चालतो, बाकीचे तीन गल्ल्यावर आणि गोदामात आहेत. बिलांचा डेटाबेस सर्व्हरवर आहे. त्याच संगणकावर गेल्या काही वर्षांत आणखी तीन सॉफ्टवेअर आली : भांड्यांच्या कंपनीला ऑर्डर पाठवण्यासाठी व्हीपीएन क्लायंट, बिलिंगवाल्याला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोट सॉफ्टवेअर, आणि स्वतःची फायरवॉल असलेले अँटीव्हायरस.

धनत्रयोदशीला दहा दिवस उरले आहेत. वर्षातली भांड्यांची सर्वांत मोठी विक्री याच दिवसांत होते. गोदामातला साठा गल्ल्यावरूनच दिसावा म्हणून दुकानदारांचा भाचा, बीसीएच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सर्व्हरवर अपाचे हा वेब सर्व्हर टाकतो. अपाचे सुरूच होत नाही. खटपट करून तो सुरू होतो, तर गल्ल्यावरून दिसत नाही. तेही जमते, पण संध्याकाळी व्हीपीएन जोडले की साठ्याचे पान आणि बिलिंग दोन्ही तिन्ही संगणकांवर बंद पडतात.

मामा म्हणतात, "अरे, कालपर्यंत सगळं चालत होतं. तू जे टाकलंस ते काढून टाक." भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही ते अँटीव्हायरस काढू द्या, मग चालेल." दोघांचेही म्हणणे स्वाभाविक आहे, पण दोन्ही अंदाज आहेत. ज्या संगणकावर वर्षाचा हिशेब आहे त्याचे अँटीव्हायरस ऐन हंगामात काढणे धोक्याचे. व्हीपीएन काढले तर कंपनीकडून माल येणार नाही.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक दोष प्रत्यक्षात वारंवार आढळणारा आहे. या एका दुकानाच्या आधाराने आपण निदानाची पद्धत पाहू.

२. संघर्ष म्हणजे नेमके काय?

दोन सॉफ्टवेअरचे एकमेकांशी वैर नसते. दोघांना एकच वस्तू हवी असते आणि ती एकालाच मिळू शकते, किंवा एकाने तिची मांडणी बदलल्यामुळे ती दुसऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. म्हणून "कोणामुळे बिघडले?" याऐवजी "दोघांनाही कोणती वस्तू हवी आहे?" हा प्रश्न आधी विचारावा.

एरर जे सॉफ्टवेअर दाखवते त्यात बहुधा दोष नसतो. ते फक्त शेवटी आलेले असते. आधीचे सॉफ्टवेअर निमूट चालू असते, म्हणून त्याच्यावर संशय जात नाही.

नेटवर्कच्या बाबतीत अशा सामायिक जागा मुख्यतः पाच आहेत :
१) पोर्ट क्रमांक
२) फायरवॉलचे नियम
३) राउटिंग टेबल, म्हणजे डेटाने कोणत्या वाटेने जायचे याची यादी
४) नेटवर्क स्टॅकमधले थर (ड्रायव्हर आणि फिल्टर)
५) लॉगिनची साखळी

पहिल्या तीन जागा आपल्या दुकानात दिसतील. उरलेल्या दोन समजण्यासाठी संगणकाच्या इतिहासातली खरी प्रकरणे पाहू.

३. पहिली जागा : पोर्ट

एका संगणकाचा आयपी पत्ता हा बाजाराचा पत्ता मानला, तर पोर्ट हा गाळ्याचा क्रमांक. एका गाळ्यात एका वेळी एकच दुकान. टीसीपीसाठी पोर्ट क्रमांक ६५५३५ पर्यंत असतात, पण प्रत्येक सर्व्हर सॉफ्टवेअरचा ठरलेला क्रमांक असतो. वेब सर्व्हरचा ८०, सुरक्षित वेबचा ४४३, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२.

अपाचे सुरू होताना ८० क्रमांकाचा पोर्ट मागतो. तो आधीच कोणी घेतलेला असेल तर विंडोज १००४८ हा एरर देते. त्याचा अर्थ, पत्ता वापरात आहे. लिनक्सवर याच एररचा क्रमांक ९८ आहे.

वेब सर्व्हरचा पोर्ट कोण अडवेल? अनेक वर्षे याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर होते स्काइप. जुन्या स्काइपच्या सेटिंगमध्ये, येणाऱ्या जोडणीसाठी ८० आणि ४४३ हे पर्यायी पोर्ट वापरण्याची सोय होती. त्यामुळे स्काइप आधी सुरू झाले की अपाचे अडायचा, आणि अपाचे आधी सुरू झाला की दोन्ही नीट चालायचे. टीमव्ह्यूअरच्या जुन्या आवृत्त्यांतही हे दोन पोर्ट न वापरण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागत असे. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले, पण त्यातला धडा कायम आहे : क्लायंट म्हणून टाकलेले सॉफ्टवेअरही पोर्ट धरून बसू शकते.

पोर्ट कोणाकडे आहे हे पाहण्यासाठी ‘नेटस्टॅट’ ही कमांड ए, एन आणि ओ या तीन पर्यायांसह चालवा. शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक येतो. ‘टास्कलिस्ट’ या कमांडने त्या क्रमांकाचे नाव कळते. लिनक्सवर ‘एसएस’ ही कमांड एल, टी, एन, पी या पर्यायांसह हेच काम करते.

येथे विद्यार्थी एका ठिकाणी नेहमी गोंधळतात. कधी प्रोसेसचा क्रमांक ४ येतो आणि नाव ‘सिस्टिम’ असे दिसते. ही विंडोजच्या गाभ्यातली वेब सेवा आहे. ती स्वतःसाठी पोर्ट घेत नाही, दुसऱ्या कोणासाठी तरी धरून ठेवते. तो दुसरा कोण हे ‘नेटश एचटीटीपी शो सर्व्हिसस्टेट’ या कमांडने कळते. बहुधा तो आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर असतो. एसक्यूएल सर्व्हरसोबत येणारी रिपोर्टिंग सर्व्हिस २००८ च्या आवृत्तीपासून याच मार्गाने ८० पोर्ट वापरते. म्हणजे बिलिंगवाल्याने एसक्यूएल सर्व्हर टाकताना ही सेवाही टाकली असेल, तर पोर्ट त्याच दिवशी गेलेला असतो.

एरर १०००० च्या घरातला असला तरी प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. १००४८ ऐवजी १००१३ आला तर परवानगी नाकारली गेली आहे. तेव्हा पोर्ट रिकामा दिसूनही मिळत नाही, कारण हायपर-व्हीसारख्या सोयीने पोर्टांचा एक पट्टाच राखून ठेवलेला असू शकतो. राखीव पट्ट्यांची यादी ‘नेटश’ या कमांडनेच पाहता येते.

"कधी चालतो, कधी चालत नाही" अशी तक्रार असेल तर सुरू होण्याचा क्रम तपासा. विंडोज एक्सपीपर्यंत बाहेर जाणाऱ्या जोडणीला तात्पुरता पोर्ट १०२५ ते ५००० या पट्ट्यातून मिळत असे, आणि १४३३ व ३३०६ हे दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. त्यामुळे एखादा साधा क्लायंटही योगायोगाने डेटाबेसची जागा घेऊ शकत होता. विंडोज व्हिस्टापासून हा पट्टा ४९१५२ ते ६५५३५ असा झाला आणि हा दोष जवळजवळ मिटला.

आपल्या दुकानात ८० पोर्ट रिमोट सॉफ्टवेअरकडे निघतो. ते काढण्याची गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ८० न वापरण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा, नाहीतर अपाचेला ८०८० द्यावा. दुसरा मार्ग घेतला तर गल्ल्यावरच्या संगणकांत पत्त्यापुढे ८०८० लिहावे लागेल आणि फायरवॉलमध्येही तोच क्रमांक उघडावा लागेल. पोर्ट बदलला की तो जिथे जिथे लिहिलेला आहे तिथे सगळीकडे बदलावा लागतो. नव्वद टक्के काम करून हेच विसरल्यामुळे पुढचा दिवस वाया जातो.

४. दुसरी जागा : फायरवॉल

अपाचे सुरू झाला, पण गल्ल्यावरून पान उघडत नाही. येथे एकदम फायरवॉलवर उडी मारू नये. तीन ठिकाणांहून क्रमाने तपासावे.

अ) सर्व्हरवरच ब्राउझर उघडून १२७.०.०.१ हा पत्ता द्या. पान आले तर सॉफ्टवेअर चालू आहे.
आ) सर्व्हरवरच त्याचा नेटवर्कवरचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०. आता पान आले नाही तर सॉफ्टवेअर फक्त स्वतःपुरते ऐकत आहे. ‘नेटस्टॅट’मध्ये पोर्टच्या आधी ०.०.०.० दिसायला हवे. तिथे १२७.०.०.१ दिसले तर दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा आहे, संघर्षाचा नाही.
इ) गल्ल्यावरच्या संगणकावरून तोच पत्ता द्या. (आ) जमले आणि (इ) जमले नाही, तरच वाटेत कोणी अडवत आहे.

तिसऱ्या तपासणीत अपयश कसे येते हेही पाहा. लगेच नकार आला (एरर १००६१), तर निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचला आहे पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ थांबून मग अपयश आले (एरर १००६०), तर निरोप वाटेत गिळला गेला आहे. फायरवॉल साधारणपणे निरोप गिळते, उत्तर देत नाही. म्हणून उशीर हे फायरवॉलचे लक्षण, तर तत्काळ नकार हे बंद सेवेचे.

याचे एक उपयोगी उदाहरण एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती आहे. ती टाकल्यावर टीसीपी जोडणी मुळात बंद असते. दुसऱ्या संगणकावरून ती सापडत नाही आणि दोष अँटीव्हायरसवर ढकलला जातो. खरे तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी सुरू करून सेवा पुन्हा चालू करायची असते.

आपल्या दुकानात मात्र उशिराने अपयश येते. कारण असे : सर्व्हर सॉफ्टवेअर टाकताना नियम विंडोजच्या फायरवॉलमध्ये लिहिला गेला, पण दुसऱ्या कंपनीचे फायरवॉलसह अँटीव्हायरस असले की पहारा त्याच्याकडे जातो. विंडोजच्या नियमवहीत परवानगी असून उपयोग नाही, कारण दारावरचा पहारेकरी वेगळी वही वाचतो. परवानगी त्याच्या वहीत लिहायला हवी, आणि तीही फक्त त्या पोर्टसाठी आणि फक्त दुकानाच्या नेटवर्कसाठी.

राउटर बदलल्यावर किंवा नवे व्हीपीएन टाकल्यावर विंडोज नेटवर्कला ‘पब्लिक’ समजू शकते आणि कडक नियम लावते. सेटिंगमध्ये दुकानाचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना, हेही पाहावे.

फायरवॉल एक मिनिट बंद करून पाहणे ही तपासणी आहे, उपाय नाही. ती करायचीच असेल तर आधी इंटरनेटची तार काढा, तपासा, फायरवॉल पुन्हा सुरू करा आणि मगच तार जोडा.

५. तिसरी जागा : राउटिंग टेबल

आता गल्ल्यावर साठा दिसतो. संध्याकाळी ऑर्डर पाठवण्यासाठी व्हीपीएन जोडले की मात्र तिन्ही संगणकांची सर्व्हरशी जोडणी तुटते. अपाचे नवा असल्यामुळे संशय त्याच्यावर जातो. पण बिलिंगही बंद पडते आहे हे लक्षात घ्या. जुने आणि नवे दोन्ही एकाच वेळी पडले, तर कारण दोघांच्या खालच्या थरात असते.

मग हे पूर्वी का दिसले नाही? दुकानात चौकशी केल्यावर कळते की पूर्वी ऑर्डर दुकान बंद झाल्यावर जात होती. सणाच्या गर्दीत ती दिवसाउजेडी जाऊ लागली. दोष जुनाच होता, दिसण्याची वेळ नवी आली. म्हणून "काय नवे टाकले?" या प्रश्नाबरोबर "कामाची पद्धत कधी बदलली?" हेही विचारावे.

व्हीपीएन जोडले की संगणकाच्या राउटिंग टेबलमध्ये नव्या ओळी येतात. ‘राउट प्रिंट’ ही कमांड व्हीपीएन जोडण्याआधी आणि नंतर चालवून दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दोनपैकी एक कारण सापडेल.

पहिले कारण, क्लायंटची अट. काही व्हीपीएन क्लायंट जोडणी चालू असताना स्थानिक नेटवर्कशी बोलणे बंद करतात. कंपनीच्या जाळ्यात बाहेरचा धोका शिरू नये म्हणून ही अट मुद्दाम घातलेली असते.

दुसरे कारण, पत्त्यांची टक्कर. खासगी नेटवर्कसाठी तीन पट्टे राखून ठेवले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. हे १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात नमूद आहे. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हेच नेटवर्क देतात. दुकानाचे नेटवर्क १९२.१६८.१ आणि कंपनीचेही १९२.१६८.१ असेल, तर सर्व्हरला एकाच गावाच्या दोन वाटा दिसतात. दोन्ही वाटा सारख्याच नेमक्या असतील तर ज्या वाटेचा मेट्रिक कमी, ती निवडली जाते. ती बहुधा व्हीपीएनची असते. मग गल्ल्याकडे जायचे उत्तर कंपनीकडे निघून जाते.

पहिल्या कारणावर उपाय सर्व्हरवर शोधू नये. अट कंपनीची आहे, ती चोरवाटेने मोडणे योग्य नाही. व्हीपीएन गोदामातल्या संगणकावर किंवा वेगळ्या लॅपटॉपवर न्यावे. दुसऱ्या कारणावर उपाय म्हणजे दुकानाचे नेटवर्क वेगळ्या, कमी वापरातल्या पट्ट्यात नेणे, उदाहरणार्थ १९२.१६८.५७. पण मग प्रिंटर आणि बिलिंगमध्ये लिहिलेले पत्तेही बदलावे लागतील. हे काम धनत्रयोदशीनंतरचे. तोवर व्हीपीएन दुसऱ्या संगणकावर नेणे हाच शहाणपणाचा तोडगा. ज्या संगणकावर सगळे अवलंबून आहेत, त्यावर गरजेबाहेरचे नेटवर्क क्लायंट ठेवू नयेत हा नियमही यातून निघतो.

६. चौथी जागा : नेटवर्क स्टॅकमधले थर

इथवरचे दोष सेटिंग बदलून सुटले. पण व्हीपीएन आणि अँटीव्हायरस हे सॉफ्टवेअर साध्या प्रोग्रॅमसारखे वर बसत नाहीत. नेटवर्क कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये ते स्वतःचा थर घालतात, म्हणजे प्रत्येक पॅकेट त्यांच्या हातातून जाते. असा थर नव्या प्रणालीशी जुळला नाही तर काय होते, याची नोंद असलेली उदाहरणे पाहू.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. विंडोज ८.१ वरून त्यावर गेलेल्या काही संगणकांत वायफायची यादीच रिकामी झाली. मायक्रोसॉफ्टने कारण सांगितले : सिस्को व्हीपीएन क्लायंट आणि सॉनिकवॉल ग्लोबल व्हीपीएन क्लायंट यांच्या जुन्या आवृत्त्या, ज्या विंडोज १० वर चालण्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्यांचा डीएनई नावाचा फिल्टर स्टॅकमध्ये उरला होता. उपाय होता रजिस्ट्रीतली त्याची एक नोंद पुसणे आणि ‘नेटसीएफजी’ या कमांडने तो फिल्टर काढणे. सिस्कोच्या त्या क्लायंटची मदत-सेवा २०१४ मध्येच संपली होती. वायफाय कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही निर्दोष होते, तरी अनेकांनी तेच आधी बदलून पाहिले असणार.

दुसरे उदाहरण विंडोज ७ चे. त्यात नेटवर्क फिल्टरची संख्या मुळात ८ पर्यंत मर्यादित होती. रजिस्ट्रीतली ‘मॅक्स-नम-फिल्टर्स’ ही किंमत वाढवून ती १४ पर्यंत नेता येत असे. एका संगणकावर अँटीव्हायरस, दोन व्हीपीएन आणि व्हर्च्युअल मशीन असे एकेक थर साठत गेले की नवव्या फिल्टरला जागा उरत नसे. नवे सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना अडे, आणि त्याचा दोष मात्र काही नसे.

तिसरे उदाहरण विनसॉकच्या थरांचे. काही सॉफ्टवेअर विनसॉकच्या यादीत स्वतःची कडी जोडत. ती अर्धवट काढली गेली की यादी तुटे आणि सारे इंटरनेट बंद पडे. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून ‘नेटश विनसॉक रीसेट’ ही कमांड ही यादी मूळ स्थितीत आणते. पण ती सगळ्यांच्या कड्या काढते, त्यामुळे नंतर व्हीपीएन किंवा अँटीव्हायरस पुन्हा टाकावे लागू शकते. चालवण्याआधी ‘नेटश विनसॉक शो कॅटलॉग’ने जुनी यादी जतन करावी.

गाभ्यात बसणाऱ्या सॉफ्टवेअरची चूक किती महाग पडते हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो इन्स्टॉलेशनचा संघर्ष नव्हता, पण अशा सॉफ्टवेअरची चूक फक्त त्याच्यापुरती राहत नाही, ती संपूर्ण संगणक थांबवते, हे त्यातून स्पष्ट होते.

या जागेची तपासणी अशी : नेटवर्क कार्डच्या गुणधर्मांत कोणकोणत्या घटकांवर खूण आहे ते पाहा आणि विंडोजचे कोणते, बाहेरचे कोणते, हे वेगळे करा. ड्रायव्हर इन्स्टॉल होतानाच्या नोंदी विंडोजच्या ‘आयएनएफ’ फोल्डरमधल्या ‘सेटअपएपीआय’ लॉगमध्ये मिळतात.

७. पाचवी जागा : लॉगिनची साखळी

१९९० च्या दशकात अनेक कार्यालयांत फाइल सर्व्हर नॉव्हेलच्या नेटवेअरचा आणि टेबलावरचे संगणक विंडोजचे असत. नॉव्हेलचा क्लायंट विंडोज एनटी घराण्यातल्या संगणकावर टाकला की तो विंडोजच्या लॉगिन खिडकीच्या जागी स्वतःची खिडकी लावत असे. ही खिडकी दाखवणाऱ्या फाइलला जिना म्हणत. विंडोजची स्वतःची जिना होती, नॉव्हेलची वेगळी, आणि पीसीएनीव्हेअर या रिमोट सॉफ्टवेअरचीही वेगळी.

जिनाची जागा एकच. म्हणून नंतर आलेले सॉफ्टवेअर आधीच्याचे नाव लिहून ठेवी आणि काम झाले की त्याच्याकडे सोपवी. अशी साखळी बने. आधी टाकलेले सॉफ्टवेअर आधी काढले तर नंतरचे सॉफ्टवेअर नसलेल्या फाइलला हाक मारी. परिणामी संगणक सुरू होताना ‘लॉगिन फाइल उघडता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश येई आणि आत जाताच येत नसे. विंडोज एक्सपीत दुसऱ्याची जिना असली की स्वागताचा पडदा आणि झटपट वापरकर्ता बदलण्याची सोय दोन्ही बंद होत. विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ही एकाच जागेची रचना मोडून क्रेडेन्शियल प्रोव्हायडर आणले. त्यात अनेक लॉगिन पद्धती शेजारी शेजारी राहू शकतात.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, साखळीतले सॉफ्टवेअर उलट क्रमाने काढावे : शेवटी आलेले आधी. दोन, संघर्षाचा कायमचा उपाय रचनेत असतो. जिथे एकच जागा होती तिथे अनेकांना जागा करून दिली आणि भांडण संपले.

८. कामाची पद्धत

आता सगळे एकत्र करू. दुकान असो, महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो की कार्यालय, क्रम हाच ठेवा.

१) परतीची वाट तयार करा. डेटाबेसचा बॅकअप डेटाबेसच्याच बॅकअप सोयीने घ्या. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हा फक्त भरवसा आहे, पुरावा नाही.

२) आधीची स्थिती लिहून घ्या. चालू पोर्ट, राउटिंग टेबल, नेटवर्कचे घटक, टाकलेल्या सॉफ्टवेअरची यादी आणि आवृत्त्या. ही यादी नवे सॉफ्टवेअर टाकण्याआधी केली तर अर्धे संघर्ष कागदावरच दिसतात.

३) एरर शब्दशः लिहा. "चालत नाही" हे निदान नाही. अपाचेचा एरर लॉग, एसक्यूएल सर्व्हरच्या सेटअपचा सारांश लॉग आणि विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर पाहा. लॉगमधली शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते. कारण त्याच्या थोडे वर, पहिल्या एररमध्ये असते.

४) काय चालते तेही लिहा. सर्व्हरवर चालते पण गल्ल्यावर नाही, सकाळी चालते पण संध्याकाळी नाही. चालण्या-न चालण्यामधली सीमा जागा दाखवते.

५) एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि चालले, तर कशामुळे चालले हे कळत नाही. उरलेले दोन अनावश्यक बदल मात्र पुढच्या दोषाचे बीज होतात.

६) उपयोग न झालेला बदल लगेच मागे घ्या.

७) काढून टाकणे हा शेवटचा उपाय. काढायचेच असेल तर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अनइन्स्टॉल सोयीने काढा, फोल्डर पुसून नव्हे. फोल्डर पुसले तरी फिल्टर आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी उरतात, आणि विंडोज १० चे उदाहरण आठवा, तेच पुढे बाधतात.

८) शेवटी काय केले ते लिहून सर्व्हरजवळ ठेवा. पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला पोर्ट ८०८० का आहे आणि व्हीपीएन गोदामात का आहे हे कळले पाहिजे.

वेळेचाही विचार करा. हंगामाच्या तोंडावर मुख्य सर्व्हरवर नवे काही टाकणे हीच आपल्या गोष्टीतली पहिली चूक होती. भाच्याने साठ्याचे पान आधी वेगळ्या संगणकावर चालवून पाहिले असते, तर बिलिंग एक मिनिटही धोक्यात आले नसते.

सारांश

सर्व्हर सॉफ्टवेअर आणि नेटवर्क क्लायंट यांचा संघर्ष हा सामायिक जागेवरून होतो : पोर्ट, फायरवॉल, राउटिंग, स्टॅकमधले थर किंवा लॉगिनची साखळी. एरर दाखवणारे सॉफ्टवेअर आणि कारण असलेले सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. एररचा क्रमांक, अपयशाची वेळ आणि तीन ठिकाणांची तपासणी यांवरून जागा ठरते. जागा ठरली की बहुतेक वेळा कोणालाच काढावे लागत नाही. एकाला दुसरा क्रमांक, दुसरी वाट किंवा दुसरा संगणक दिला की दोघेही चालतात.

स्वाध्याय

१) एरर १००४८ आणि १००१३ यांतील फरक सांगा. दोन्हींसाठी कोणती तपासणी कराल?
२) दुसऱ्या संगणकावरून जोडताना एकदा लगेच नकार येतो आणि एकदा बराच वेळ थांबून अपयश येते. दोन्हींचे अर्थ स्पष्ट करा.
३) तुमच्या संगणकावर ‘नेटस्टॅट’ किंवा ‘एसएस’ चालवून ऐकत असलेल्या पोर्टांची यादी करा. प्रत्येक पोर्ट कोणत्या सॉफ्टवेअरकडे आहे? त्यांपैकी कोणती सॉफ्टवेअर तुम्ही फक्त क्लायंट समजत होता?
४) घरचे नेटवर्क १९२.१६८.१ आहे आणि महाविद्यालयाच्या व्हीपीएनमागचे नेटवर्कही तेच आहे. व्हीपीएन जोडल्यावर घरचा प्रिंटर का चालत नाही? दोन उपाय सुचवा आणि प्रत्येकाची किंमत सांगा.
५) पाठातल्या दुकानासाठी, नवे सॉफ्टवेअर टाकण्याआधी भरायचा एक पानी तक्ता तयार करा.